काचेच्या दोन्ही बाजूंचे गोविंदराव

ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा अधिकारी आपल्या संगीतविषयक लेखनात सहसा येत नाही. गायकाचे घराणे, गुरू, तालीम यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. त्याचे कोणते गाणे, किती मिनिटांचे आणि कोणत्या वयातले पुढच्या पिढीला ऐकायला मिळावे, हे ज्याच्या हाती असते तो मात्र अनामिक राहतो. एच.एम.व्ही.च्या मुंबई शाखेत १९३८ पासून तीन दशकांहून अधिक काळ हे काम करणारे जी. एन. उर्फ गोविंदराव जोशी (१९०९–१९९४) याला अपवाद ठरले, कारण त्यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे पुस्तक, आणि १९८४ साली ‘डाउन मेलडी लेन’ या नावाने आलेला त्याचा इंग्रजी अवतार, आजही आवडीने वाचला जातो. परंतु तो किश्श्यांसाठी वाचला जातो, आणि आमची तक्रार तेथूनच सुरू होते.

गोविंदराव मूळचे गायक. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या वैदर्भीय तरुणाने ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३२ साली तबकडीवर गायिली. नाट्यपदांच्या त्या काळात कवितेची तबकडी घरोघर वाजू लागली, आणि मराठी भावगीताचा आरंभ अनेक जाणकार तेथूनच मानतात. म्हणजे काचेपलीकडे अधिकारी म्हणून बसण्याआधी हा माणूस काचेअलीकडे ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलेला होता. तीन-साडेतीन मिनिटांत गाणे बसवताना गायकाच्या जिवाची होणारी तगमग त्याने अनुभवलेली होती. त्यांच्या यशाचे मर्म आम्हांस येथे दिसते. बड्या कलावंतांशी ते कंपनीचा माणूस म्हणून बोलत नसत. त्यांच्याच पंगतीतला, थोडा धाकटा, असा कोणी म्हणून बोलत. अजीजी, विनोद, चिकाटी आणि वेळ पडल्यास स्वतः गाऊन दाखवणे, ही त्यांची हत्यारे होती.

मग गोविंदरावांनी प्रतिभा शोधली असे म्हणावे काय? बहुतांशी नाही. ज्या थोर नावांनी त्यांचे पुस्तक गजबजलेले आहे, ती नावे मैफलीच्या श्रोत्यांना आधीच ठाऊक होती. गोविंदरावांनी त्यांना बसते केले. हे काम शोधापेक्षा कमी मोलाचे नाही, आणि इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांइतके त्याचे लख्ख उदाहरण दुसरे नाही. अतिविलंबित झूमऱ्यात एकेका सुराला उलगडत जाणारी ती गायकी ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मावणारच नव्हती. तिथे अस्ताईचे एक आवर्तन पुरे होताहोताच बराचसा वेळ संपावा. दीर्घ ध्वनिमुद्रिका आली, एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली, आणि १९६० साली एका बाजूला मारवा व दुसऱ्या बाजूला दरबारी अशी खाँसाहेबांची मुद्रिका निघाली. षड्जाला हुलकावणी देत कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळणारा तो मारवा ज्यांनी खाँसाहेबांना कधी पाहिले नाही, त्यांच्याही कानांत पक्का बसला. आज पुष्कळांच्या मनात मारवा म्हणजे तोच. एका मुद्रिकेने रागाची प्रतिमाच ठरवून टाकावी, ही मोठी गोष्ट आहे; थोडी धास्तीचीही.

आता देवासचे रजब अली खाँसाहेब पाहा. अमीर खाँसाहेबांच्या गायकीवर ज्यांचा ठसा सांगितला जातो त्यांपैकी हे एक, विशेषतः तानेच्या अंगाने. जन्म १८७४, मृत्यू जानेवारी १९५९. मारव्याची मुद्रिका निघाली ती त्यानंतर एका वर्षाने. त्यांचे आज ऐकायला मिळते ते उतारवयातले, थोडेसे. बडोद्याकडून आलेले भास्करबुवा बखले १९२२ साली गेले; त्यांचा तर आवाजच कोठे उरला नाही. भास्करबुवा गोविंदरावांच्या काळाच्या आधीचे, त्यामुळे हा दोष त्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु आत्मकथनात भेटतात ते सगळे मुद्रित झालेले कलावंत. जे स्टुडिओपर्यंत पोहोचले नाहीत, ज्यांचे गाणे खपणार नाही म्हणून दार उघडले गेले नसेल, त्यांच्यासाठी अशा पुस्तकात जागाच नसते. गोविंदरावांचे प्रेमळ, माणूसवेडे निवेदन वाचकाला या प्रश्नापासून अलगद दूर नेते. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे येथे ज्यांच्या आजोबांनी दिवाणखान्यात बसून या मंडळींना ऐकले, त्या आपण वाचकांनी तरी तो प्रश्न विचारायला हवा.

शोध या शब्दाला खऱ्या अर्थाने पात्र ठरणारे गोविंदरावांचे काम आमच्या मते वेगळेच आहे: १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघेही प्रमुख वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे. संतूर शास्त्रीय मैफलीत नवखे, गिटारकडे तर अनेक बुजुर्ग नाक मुरडत. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांतून मांडायचा, ही कल्पना ऐकायला नाटकी वाटते, आणि खरे सांगायचे तर तिच्या काही भागांत गोडवा जरा जास्तच झाला आहे. तरीही येथे प्रस्थापित कीर्तीचा आधार नव्हता. भावगीतात तीन मिनिटांत एक मनोवस्था उभी करायला शिकलेल्या गायकाचा कानच येथे निवड करीत होता. देशात आणि देशाबाहेरही ती मुद्रिका विलक्षण खपली.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांची. गोव्याच्या केरी गावची ही गायिका मैफलीत एकेक राग किती विस्ताराने मांडत असे, याच्या कथा गोमंतकीय घरांतून अजून सांगितल्या जातात. यानाबरोबर जायला निघाली ती तबकडीची लांबी.