'स्मृतिचित्रे'मधील संथ धर्मांतर

'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती श्रद्धेची चर्चा बहुधा ना. वा. टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यापाशीच घोटाळते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधला काळ ताटातुटीचा, आणि पुढे पतीजवळ राहूनही सोवळे सांभाळण्याचा. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातल्यासारखा परिवर्तनाचा एकच निर्णायक क्षण येथे नाही; पाणी कोणाच्या हातचे प्यावे, एवढ्याशा प्रश्नातून श्रद्धेची वाट मोकळी होते. आपल्या तेव्हाच्या हट्टाबद्दल लेखिका स्वतःला दूषणे देत नाही, हसते. या हसण्याला केवळ 'विनोद' म्हणणे (समीक्षेने बहुधा तेवढेच केले) अपुरे आहे. पूर्वीच्या 'मी'ला पापी न ठरवता तिचे दुःख तिच्याच बाजूने सांगणारी ही स्वतःविषयीची करुणा आहे, आत्मदया नव्हे. ख्रिस्ती झालेली लेखिका सोवळ्यातल्या त्या बाईला कोठेही नाकारत नाही.