जिंकता आले, पण कळले का?

व्हिडिओ गेम आणि शिक्षक यांचे फारसे सख्य नाही. तरीही एका गेमची चर्चा इथे करावीशी वाटते. डोळ्यांना दिसत नसेल, कानांना ऐकू येत नसेल किंवा बोटे साथ देत नसतील, तर माहिती कशी पोचवायची हा प्रश्न त्यात बऱ्याच अंशी सोडवला आहे आणि एका महत्त्वाच्या जागी निसटलाही आहे.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम अमेरिकेतील नॉटी डॉग या कंपनीने जून २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ साठी आणला. तो हिंसक आहे, प्रौढांसाठीच आहे. मुलांच्या हाती द्यावा असे मी मुळीच सुचवत नाही. आपण पाहायची ती त्याची रचना. अपंग खेळाडूंना उपयोगी पडतील अशा साठाहून अधिक सोयी त्यात आहेत. दृष्टी, श्रवण आणि हालचाल अशा तीन गरजांसाठी त्यांचे तयार संचही आहेत.

या सोयींमागचे तत्त्व साधे आहे. एकच संदेश एकाहून अधिक ज्ञानेंद्रियांकडे पाठवायचा. एक बटण दाबले की आसपासच्या वस्तूंच्या दिशेने आवाज येतो; वस्तू खेळाडूपेक्षा उंचावर आहे की खाली, हे आवाजाच्या पट्टीवरून समजते. दुसरे बटण दाबले की खेळातले पात्र पुढच्या वाटेकडे तोंड करते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला जातो. अंधुक दिसणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी करडी होते. मित्र निळे, शत्रू लाल आणि उचलण्याच्या वस्तू पिवळ्या दिसतात. जिथे बटण भराभर दाबायचे असते, तिथे ते नुसते दाबून धरले तरी चालते.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती काठिण्याची विभागणी. सोपे, मध्यम, कठीण एवढ्यावर न थांबता शत्रूंची हुशारी, सोबत्यांची मदत, साधनांची उपलब्धता इत्यादी गोष्टी वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात. बोटे हळू चालतात म्हणून डोके हळू चालते असे नाही, हे इथे ओळखलेले आहे. आपल्या परीक्षांना अजून हे पुरते उमगलेले नाही.

आता उणीव. हा गेम नावाजला गेला तो मुख्यतः कथेमुळे. ती कथा पुढे सरकते मधल्या चित्रपटासारख्या प्रसंगांतून, आणि तिथे पुष्कळदा कोणी बोलत नाही; चेहरा, नजर, हातातली वस्तू हेच सांगत असतात. २०२० च्या आवृत्तीत या दृश्यांचे तोंडी वर्णन नव्हते. म्हणजे अंध खेळाडू लढाई जिंकू शके, पण ती जिंकून काय घडले हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागे. दृश्यात बटण दाबायचे नसते, तेव्हा तिथे अडथळाही नाही, असे धरले गेले असावे. हे काम अशक्य नव्हते. पहिल्या भागाच्या २०२२ मधील नव्या आवृत्तीत असे वर्णन आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या भागाच्या सुधारित आवृत्तीतही. त्याच वेळी बोलण्याचा ठेका कंपनांतून हाताला जाणवून देण्याची सोयही झाली.

ही चूक आपल्या वर्गात रोज होते. शिक्षक परीक्षानळीत थेंब टाकतात आणि म्हणतात, “हे पहा, असे झाले.” अंध विद्यार्थ्याला निष्कर्ष लिहून मिळतो, तो परीक्षेत पासही होतो; पण ‘असे’ म्हणजे कसे, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यावर उपाय करायला यंत्र लागत नाही. पुढचा प्रयोग दाखवताना प्रत्येक बदल बोलून सांगावा: रंग कोणता होता, कोणता झाला, किती वेळात झाला, नळी हाताला गरम लागते का. मागच्या बाकावरून नीट न दिसणाऱ्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल.