'स्वमग्न' ही संज्ञा आणि उशिरा निदान झालेले प्रौढ

पारिभाषिक शब्दाची परीक्षा बहुधा मूळ संज्ञेशी तो किती इमान राखतो यावरून केली जाते. या कसोटीस 'स्वमग्नता' हा शब्द पूर्णपणे उतरतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी १९१० च्या सुमारास 'ऑटिझम' ही संज्ञा 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविली, ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे बाह्य जगापासून तुटणे दर्शविण्यासाठी. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या वर्णनात आणि १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी तीच संज्ञा उचलली. पुढे तिच्यामागील कल्पना पार पालटली. नाव तेवढे राहिले. मराठी प्रतिशब्दाने त्या नावाशी इमान राखताना त्यातील जुनी चूकही इमानाने उतरवून घेतली.

'मग्न' हे 'मज्ज्' म्हणजे बुडणे या धातूचे रूप होय. जलमग्न, शोकमग्न, ध्यानमग्न या समासांत पूर्वपद बुडण्याचे ठिकाण सांगते; त्या न्यायाने स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. शिवाय 'तो आपल्यातच मग्न असतो' या मराठी बोलण्यास बेफिकिरीची व किंचित दोषारोपाची छटा आहे. बालकाच्या बाबतीत ती छटा दयेखाली झाकली जाते. चाळिशीतील कारकुनास वा गृहिणीस तेच विशेषण लावले, की ती उघडी पडते.

आणि येथेच शब्द वस्तुस्थितीच्या नेमका उलट जातो. प्रौढांचे निदान उशिरा होण्याचे एक कारण ऐतिहासिक आहे: १९८० च्या अमेरिकन निदानसूचीतही या अवस्थेचे नाव 'शैशवातील ऑटिझम' असेच होते, आणि लोर्ना विंग यांचा आस्परगर यांच्या निरीक्षणांकडे लक्ष वेधणारा लेख १९८१ चा. दुसरे कारण मात्र त्या व्यक्तीच्या परिश्रमात आहे. समोरच्याच्या डोळ्यांकडे किती वेळ पाहावे, केव्हा हसावे, निरोप घेताना काय बोलावे हे तिने इतरांना न्याहाळून पाठ केलेले असते. शिकून घेतलेल्या युक्त्यांनी लक्षणे झाकली जाऊ शकतात, हे २०१३ च्या अमेरिकन निदानसूचीनेही मान्य केले आहे. जी व्यक्ती दिवसभर इतरांच्या वागण्याचा अभ्यास करून थकते, तिला स्वतःत बुडालेली म्हणणे हा शब्दार्थाचा अपघात म्हणून सोडून देण्याजोगा नाही. कारण साहाय्याची दिशा त्यावरून ठरते.

मराठी संभाषणात 'येतो' म्हणजे जातो, 'बघू' म्हणजे बहुधा नाही, आणि 'बसा हो, जाल सावकाश' हे आमंत्रण आहे की शिष्टाचार, ते स्वरावरून ओळखायचे. हे संकेत न उमगणे एका पक्षाचे वैगुण्य मानले जाते. पण 'नाही' या अर्थी 'नाही' म्हणणाऱ्याचा सरळपणा दुसऱ्या पक्षास उमगत नाही, तेव्हा त्याची नोंद कोठेच होत नाही. डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली या उभयपक्षी अनाकलनास 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' म्हटले. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास गोष्ट सांगण्याचा प्रयोग केला. ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत ती अधिक गळाली. ३११ व्यक्तींच्या २०२५ च्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतील ही गळतीही आढळली नाही. मिल्टन यांच्या सिद्धान्ताच्या समर्थकांनी हा निष्कर्ष नजरेआड करू नये. तथापि आपसांतील संप्रेषण सदोष नाही, हा मुद्दा दोन्ही प्रयोगांत कायम राहिला.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अवस्था स्वतंत्रपणे मान्य केली. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी ४० कलमांची असून सत्तर गुणांपासून पुढे निदान मानते. तीत संभाषणाचे व्यावहारिक संकेत न समजणे असेही एक कलम आहे, आणि त्याचे गुण अर्थातच एकाच्याच खाती पडतात. ज्याने हे संकेत कष्टाने पाठ केले, त्याचे गुण त्या कष्टामुळेच कमी भरण्याचा संभव आहे. म्हणजे श्रमाची शिक्षा अशी, की साहाय्य नाकारले जावे!

इंग्लंडमध्ये प्रौढांसाठी धोरण आखण्याचे बंधन २००९ च्या कायद्याने शासनावर घातले. तेथील 'नाइस' या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शिका वाचताना दोन निराळ्या दृष्टी शेजारी शेजारी दिसतात. पुढील सेवा नको असली तरी निदानानंतर त्याचा अर्थ समजावून घेण्यासाठी आणखी एक भेट द्यावी, ही तिची शिफारस मोलाची आहे. मात्र सामाजिक व्यवहाराच्या गटवर्गाची कल्पना जुन्या शब्दाचीच आहे: तेथे एकच पक्ष शिकतो. रोजगारविषयक शिफारशीत मालकासही सल्ला द्यावयास सांगितले आहे, आणि ती अधिक विचारपूर्वक लिहिलेली वाटते.

'ऑटिस्टिक' हा परका शब्द पत्करल्याने मराठीचे काही बिघडत नाही. त्यातही 'स्वतः' दडलेला आहे, हे खरे. पण ग्रीक न जाणणाऱ्या कानास तो ऐकू येत नाही, आणि येथे ही अपारदर्शकताच उपयोगी ठरते. शब्द बदलला म्हणजे साहाय्य मिळाले असे नव्हे. मराठी कचेरीत त्याचा आरंभ साधा असू शकेल: काम तोंडी न सांगता लिहून द्यावे, आणि 'बघू' म्हणणाऱ्या वरिष्ठाने हो की नाही ते त्याच दिवशी कळवावे.