वस्तीबाहेरची तपासणी : ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील एक पत्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लहानसे इंग्रजी आत्मकथन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये छापले. त्यातील दौलताबादच्या हौदाचा १९३४ चा प्रसंग मराठवाड्यातील वाचकास जवळचा वाटतो. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र त्याच पुस्तकातील काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र हा आहे. ‘यंग इंडिया’च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात ते आले होते.

शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडते. डॉक्टर वस्तीत येण्याचे नाकारतो. नगरशेठांनी शब्द टाकल्यावर येतो, पण रोग्यास वस्तीबाहेर आणावे ह्या अटीवर. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह बाहेर आणली जाते. डॉक्टर थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती देतो, ते गृहस्थ पतीच्या हाती, पती पत्नीस. आणि त्याच क्रमाने तो परत जातो. निदान होते न्यूमोनियाचे. पुढे डॉक्टर पुन्हा पाहावयास येत नाही, आणि ती स्त्री दगावते.

आंबेडकरांचे भाष्य उपचारांच्या नकारावर व वैद्यकाच्या धर्मावर भर देते. ते यथार्थच आहे. तथापि मला ते अपुरे वाटते. पहिल्या दिवशी डॉक्टर आला होता, निदान झाले होते, औषधही पाठविले होते. कोणत्याही नोंदवहीत ‘सेवा दिली’ असेच लिहिले गेले असते. थर्मामीटरचा प्रवास शिक्षकाने हातोहात नोंदविला, एकही विशेषण न वापरता. पत्राचे सारे बळ तेथे आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या सहाव्या कलमाने इतरांस ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर सेवा मिळते, तशीच ती न देणे हा अपराध ठरविला. त्यातील ‘ठिकाण’ ह्या शब्दाचे वजन हे पत्र वाचल्यावर कळते.

मांजरसुंब्याच्या वाचकास यातील विसंगती अधिकच बोचावी. बाळंतपणे घरीच होत त्या काळी ह्या भागातील सुईण पुष्कळदा मांग स्त्री असे. तिच्या हाताशिवाय सवर्णाचे मूल जगात येत नसे, आणि काम उरकल्यावर विटाळ तिच्याच माथी राही. हात घरात चालत होता. घरापर्यंत हात जात नव्हता.

२०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटींसाठी आशा कार्यकर्तीच्या पिशवीत थर्मामीटर असतो. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झाली असल्यास सात. तक्त्यात तापमान लिहिले जाते. ते उंबऱ्याच्या कोणत्या बाजूस उभे राहून मोजले, ह्यासाठी रकाना नाही.