चित्र सांगणारा राजा

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला गेलं की आधी दिसतो मूळपीठाचा डोंगर. माथ्यावर यमाई. निम्म्या चढावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. बहुतेक माणसं देवीला निघालेली असतात आणि वाटेत संग्रहालय लागतं म्हणून आत डोकावतात. ही जागा निवडणाऱ्याला माणसाची चांगलीच पारख असली पाहिजे. चित्र बघायला म्हणून कोण डोंगर चढतो? देवीला जाणारा मात्र दम खायला टेकतो, आणि टेकला की बघतो.

हा माणूस म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, औंधचे बाळासाहेब. जन्म 1868 चा, गादीवर आले 1909 मध्ये. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा राजा म्हणून ते घरोघरी ठाऊक आहेत. 1935 च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि 1939 मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारे संस्थानिक, हेही पुष्कळांना माहीत असतं. ते चित्रकार होते, हे मात्र बोलण्याच्या ओघात शेवटी येतं. आणखी एक गोष्ट त्याहून मागे पडते: ते कीर्तन करीत. माझ्या मते त्यांच्या चित्रांचं कुलूप याच किल्लीनं उघडतं.

त्यांचं ‘चित्ररामायण’ 1916 मध्ये छापून आलं. प्रसंगामागून प्रसंग, चित्रामागून चित्र. रेखाटनाच्या कसोटीवर ही चित्रं घासली तर ती रविवर्म्याच्या जवळपासही येत नाहीत, हे मान्य करून टाकावं. आकृत्या थोड्या अवघडलेल्या वाटतात. संगीत नाटकातली पात्रं पद सुरू होण्याआधी जशी जागा धरून उभी राहतात, तसं काहीसं. पण कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान कुठे थांबवतात ते आठवा. श्रोत्याला पुढचं सगळं पाठ असतं. तरी बुवा ऐन क्षणी शब्द तोडतात, झांज वाजते आणि सभा जागच्या जागी धरली जाते. बाळासाहेबांचं चित्र म्हणजे ती झांज. पुढे काय होणार हे बघणाऱ्याला माहीत आहे, असं गृहीत धरूनच ते काढलेलं असतं. एकेक चित्र सुटं काढून भिंतीवर टांगलं की म्हणूनच ते फिकं पडतं. पानं उलटत गेलं, म्हणजे सलग ऐकलं, की त्याला लय येते.

वेशभूषेबद्दल तर ते हट्टी होते. रामाच्या काळातल्या माणसांच्या अंगावर पेशवाईतले कपडे नकोत, जुन्या शिल्पांत काय दिसतं ते बघा, असा त्यांचा आग्रह. तोच ओढा त्यांना अजिंठ्याच्या भिंतींपाशी घेऊन गेला. 1932 मध्ये त्यांनी अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. या हट्टाचं चित्राला नेहमीच भलं होतं असं नाही, कारण अभ्यास दिसायला लागला की भाव मागे सरतो. तरी गादीवर बसलेला माणूस भित्तिचित्रातल्या कमरपट्ट्यांची उठाठेव करतो, हे मला फार लोभस वाटतं.

त्यांच्या आसपासची माणसंही अशीच. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर 1918 पासून तीस वर्षं औंधात राहिले. ते मुळात चित्रकार, जे. जे. स्कूलचे मेयो पदकविजेते. त्यांचा मुलगा माधव सातवळेकर पुढे महाराष्ट्राचा कलासंचालक झाला. आणि कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर! तेही जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही असं निघालं आणि कुंचला सुटला. पुढे त्यांच्या कारखान्याचं बेळगावचं बस्तान उठलं तेव्हा ते औंधात देवीच्या सभामंडपाचं काम करीत होते. बाळासाहेबांनी त्यांना 1910 मध्ये कुंडलच्या माळावर जागा दिली. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती अशी: चित्र काढणाऱ्या राजानं चित्र सोडाव्या लागलेल्या माणसाला दिलेल्या जमिनीवर.

संग्रहालय 1938 चं. मला वाटतं, बाळासाहेबांनी रचलेलं सर्वांत मोठं चित्र हेच. भिंती त्यांच्या, रंग इतरांचे. उजेड थेट अंगावर येत नाही, मऊ होऊन आत उतरतो. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ इथे आहे, म्हणजे विराटाघरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत. आणि या सगळ्या गजबजाटात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची दगडी ‘आई आणि मूल’. तिला ना दागिना ना कमरपट्टा. कुठल्या पुराणातली म्हणावी तर तेही नाही. आयुष्यभर गोष्ट सांगणाऱ्या राजाच्या घरात ही गोष्ट नसलेली बाई शांतपणे बसली आहे. डोंगर चढून आलेल्या एखाद्या आजीला ती बघताक्षणी कळत असणार. सैरंध्रीपाशी मात्र तिला कुणीतरी कथा सांगावी लागेल. ही मूर्ती तिथे ठेवताना बाळासाहेबांना आपल्याच चित्रांची उणीव जाणवली असेल का? मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

पण ही गोष्ट औंधच्या डोंगरावर संपत नाही. औंध संस्थान एकसंध नव्हतंच. एक तुकडा इथे, एक कुंडलला, एक पार आटपाडीकडे माणदेशात. त्या आटपाडी भागातल्या माडगुळ्याच्या माडगूळकर भावांपैकी धाकटे व्यंकटेश. त्यांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, आणि तो कोण हे माणदेशी वाचकाला सांगावं लागत नाही. थोरले गजानन. ते औंधच्या शाळेत शिकले. 1955 च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. छप्पन्न गीतं, आणि बहुतेकांत रामकथा एका क्षणापाशी थांबून कुणातरी पात्राच्या तोंडून बोलते. बाळासाहेब 1951 मध्ये गेले होते. ते हयात असते तर रेडिओपुढे बसून, कुंचला बाजूला ठेवून, त्यांनी नक्की झांज मागवली असती.