काळे आधी की कावळे?

लिबरऑफिस हा लेखन, तक्ते, सादरीकरण यांसाठीचा मुक्त-स्रोत संगणकसंच. २०१० साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत व ऑगस्टमध्ये निघते. त्याआधी तिची कच्ची, म्हणजे बीटा आवृत्ती सर्वांना खुली होते आणि ठरवलेल्या दिवशी जगभरचे स्वयंसेवक तिच्यातल्या चुका शोधतात. ही पद्धत आम्हाला आवडते. बीटा नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळी बसते, त्यामुळे शाळेचे चालू काम अडत नाही. नवख्यांच्या मदतीला त्या दिवशी जाणकारही असतात.

पण ‘वापरून पाहा, चुका कळवा’ एवढ्यावरून परंड्याच्या शिक्षकाने नेमके काय पाहावे? तो चार बटणे दाबणार आणि ‘ठीक आहे’ म्हणणार. आमचा आक्षेप इथेच आहे. बर्लिनच्या अभियंत्याला सहसा सुचणार नाही अशी परीक्षा हा शिक्षक घेऊ शकतो, पण ती त्याच्याकडे कोणी मागत नाही.

हजेरीपटच घ्या. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून कावळे आधी, काळे नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘व’च्या आधी जागा आहे. संगणक केवळ त्या क्रमांकांवर विसंबला, तर काळे पुढे जातात. नावे अकारविल्हे लावून पाहा, मिनिटभराचे काम. ‘दर्या’ शोधताना ‘दऱ्या’ही सापडतात का? ‘किल्ल्यावरच्या’ ही जोडाक्षरे छापताना फुटतात का? अशी दहा कामांची मराठी यादी आधी हाती पडली, तर नववीची मुलेही परीक्षक होतील.

चूक नोंदवणे त्यांना अवघड नाही. कोणती आवृत्ती, काय केले, काय अपेक्षित होते, काय दिसले: प्रयोगवहीतल्या कृती-निरीक्षणाचाच हा प्रकार. (अनुमानाची घाई तेवढी नको, ‘फाँट बिघडला’ हे निरीक्षण नव्हे.) अडते ते इंग्रजीपाशी, कारण नोंद इंग्रजीतून करावी लागते. तालुक्यातल्या एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकाने सर्वांच्या नोंदी एकत्र करून पाठवल्या, तर तेही सुटेल.

वेळेचे काय, हा प्रश्न उरतोच. ऑगस्टच्या आवृत्तीची चाचणी मे-जूनच्या सुमारास येते. तेव्हा संगणकखोलीला कुलूप असते. निदान फेब्रुवारीच्या आवृत्तीसाठी दिवाळीनंतरचा एखादा शनिवार आतापासून राखून ठेवता येईल.