नाट्यमहोत्सव, संपर्कजाळे आणि भाषेचा प्रश्न

१

स्वातंत्र्योत्तर भारतीय रंगभूमीच्या इतिहासलेखनात नाटककार, दिग्दर्शक आणि संहिता यांना केंद्रस्थान मिळते. नाट्यमहोत्सवाचा उल्लेख मात्र बहुधा तळटीपेत होतो. वस्तुतः निरनिराळ्या भाषांतील नाटके एकाच नगरात, ठरावीक दिवसांत, एकमेकांशेजारी उभी राहू लागली तेव्हाच 'भारतीय रंगभूमी' ही संकल्पना प्रेक्षकाला आणि रंगकर्मीला प्रत्यक्ष दिसू लागली. महोत्सव ही केवळ प्रयोगांची मालिका नसते. कोणी कोणाला ओळखावे, कोणाचे काम कोणापर्यंत पोहोचावे, हे ठरविणारी ती एक संस्था असते. या संस्थेने रंगकर्मींमध्ये कोणत्या प्रकारचे संबंध निर्माण केले आणि त्या संबंधांतून समान अडचणींना तोंड देण्याचे बळ कितपत आले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रारंभी एका संज्ञेविषयी स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठी नाट्यव्यवहारात 'व्यावसायिक' हा शब्द तिकीटविक्रीवर चालणाऱ्या धंदेवाईक रंगभूमीसाठी रूढ झाला असून 'प्रायोगिक' आणि 'हौशी' या शब्दांच्या विरोधात तो उभा असतो. येथे 'व्यवसायसंबंध' हा शब्द त्या अर्थाने वापरलेला नाही. उपजीविका कशावरही चालत असली, तरी रंगकर्म गांभीर्याने करणाऱ्यांमधील परस्परसंबंध असा त्याचा येथील अर्थ आहे.

२

महोत्सवांचा विस्तार होण्यापूर्वी हे संबंध नव्हते असे नाही. १९६५ साली नेमिचंद्र जैन यांनी सुरू केलेले 'नटरंग' आणि १९६७ पासून राजिंदर पॉल यांनी चालविलेले 'एनॅक्ट' ही नियतकालिके एका भाषेतील नाटकाची वार्ता दुसऱ्या भाषेत नेत होती. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शंभू मित्र यांच्या दिग्दर्शनाखाली 'बहुरूपी'ने बंगालीत आणले. बादल सरकारांचे 'एवम् इंद्रजित' सत्यदेव दुबे यांनी मुंबईत हिंदीतून उभे केले. 'घाशीराम कोतवाल' वसंत देव यांच्या हिंदी अनुवादातून राजिंदर नाथ यांच्याकरवी दिल्लीच्या प्रेक्षकांसमोर आले.

या व्यवहाराचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. तो संथ होता, व्यक्तिगत मैत्रीवर आणि पत्रव्यवहारावर अवलंबून होता. पण त्यात नाटक दुसऱ्या भाषेत वस्तीला जात असे. स्थानिक नट महिनोन्महिने त्याची तालीम करीत, प्रयोग एकापेक्षा अधिक होत आणि अनुवादक हा या साऱ्या व्यवहाराचा कणा असे.

३

शासकीय पातळीवर संगीत नाटक अकादमीने १९५४ मध्ये राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरविला आणि १९५६ मध्ये दिल्लीत नाट्यपरिसंवाद घेतला. १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना झाली. आरंभीच्या त्या टप्प्यावर प्रयोग आणि चर्चा ही एकाच कार्याची दोन अंगे मानली गेली होती. प्रशिक्षण, नाट्यगृहे, भाषा, परंपरेशी असलेले नाते असे प्रश्न त्या परिसंवादात एकत्रितपणे मांडले गेले. पुढील काळात प्रयोगाचे अंग वाढत गेले. चर्चेचे अंग त्या प्रमाणात वाढले नाही.

१९८४ मध्ये अकादमीने तरुण रंगकर्मींना साहाय्य देणारी योजना सुरू केली. तिच्या अंतर्गत होणाऱ्या विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सवांमुळे दूरदूरच्या प्रांतांतील दिग्दर्शक प्रथमच एकमेकांचे काम पाहू शकले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु या साहाय्याला एक अट होती : नाटकाने पारंपरिक नाट्यप्रकारांशी नाते जोडलेले असावे. सुरेश अवस्थी यांनी ज्या प्रवृत्तीला मुळांची रंगभूमी म्हटले, तिला या योजनेमुळे संस्थात्मक आधार मिळाला. त्याबरोबरच लोकनाट्याची सामग्री वरवर वापरून निवडीस पात्र ठरण्याचा मोहही निर्माण झाला, अशी टीका झाली. ही टीका सर्वांना सारखी लागू करणे अन्याय्य ठरेल. तरीही तिच्यातून निष्पन्न होणारा सिद्धान्त महत्त्वाचा आहे. संपर्कजाळे निवडीतून जन्मते, आणि निवडीचा निकष त्या जाळ्यातील सर्वांच्या कलादृष्टीत हळूहळू झिरपतो.

१९८९ साली नेहरू जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीत झालेल्या महोत्सवाने स्वातंत्र्योत्तर नाटकांचे सिंहावलोकन घडवून एक प्रकारे अभिजातांची यादीच निश्चित केली. १९९९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 'भारत रंग महोत्सव' सुरू केला. २०१८ मध्ये याच विद्यालयाने भारतात भरविलेले 'थिएटर ऑलिंपिक्स' ५१ दिवस चालले आणि १७ शहरांत पसरले. संख्येच्या दृष्टीने ही वाढ विस्मयकारक आहे. मात्र प्रयोगांची संख्या आणि संबंधांची घनता यांचा एकमेकांशी थेट संबंध असतोच असे नाही.

४

महोत्सवात नाटकाला बहुधा एकच प्रयोग मिळतो. पथक येते, नेपथ्य लावते, प्रयोग करते आणि निवासखर्चाचा भार वाढू नये म्हणून परततेही. दिग्दर्शकांशी वार्तालाप होतात. पण नट, तंत्रज्ञ, अनुवादक यांना इतरांची नाटके पाहण्याइतका मुक्काम लाभत नाही. परिणामी, परस्परांची ओळख होते ती मुख्यतः दिग्दर्शकांची आणि निवडसमितीच्या सदस्यांची. ज्याला संपर्कजाळे म्हटले जाते, त्याचे धागे एकमेकांत विणले जाण्याऐवजी एकाच केंद्राकडे जातात.

या रचनेचा सर्वांत खोल परिणाम भाषेवर होतो. अनोळखी भाषेतील नाटक एका संध्याकाळी पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी दृश्य, हालचाल आणि नाद हीच मुख्य आधारस्थाने असतात. रतन थियम यांचे मणिपुरी 'चक्रव्यूह' (१९८४) भाषेची सीमा ओलांडून प्रत्ययकारी ठरते, ते त्यातील मणिपुरी युद्धकला, गायन आणि अवकाशरचना यांच्या सखोल एकात्मतेमुळे. १९८७ मध्ये एडिंबरा येथे त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कारही लाभला. याउलट सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) कीर्तनाच्या निवेदनपद्धतीवर, चाळीतील बोलीच्या वळणांवर आणि मृत्यूविषयीच्या मराठी मध्यमवर्गीय शब्दसंकेतांच्या विडंबनावर उभे आहे. भाऊराव मेल्यावरही बोलत राहतो. त्याचे बोलणे कळले नाही तर उरते ती केवळ एक विचित्र मिरवणूक. दोन्ही नाटके आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नसून महोत्सवाची व्यवस्था कोणत्या प्रकारच्या श्रेष्ठतेला सहज ओळखते, हा आहे. शब्दनिष्ठ नाटकाची येथे गैरसोय होते. ती गैरसोय वारंवार होत राहिली तर शब्दावर विसंबणारे नाटककार राष्ट्रीय चर्चेतून बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर अनुवादकही.

५

सर्व महोत्सवांसमोरील समान आव्हाने या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजेत. पहिले आव्हान आर्थिक आहे. बहुतेक मोठे महोत्सव शासकीय अनुदानावर किंवा एखाद्या उद्योगसमूहाच्या आश्रयावर उभे असतात, आणि महोत्सवानंतर नाटक गावोगाव फिरेल अशी प्रवासव्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही. एडिंबऱ्यात १९४७ पासून वाढलेल्या फ्रिंजला संयोजक नाटके निवडण्यासाठी येतात. हबीब तन्वीर यांच्या 'चरणदास चोर'ला १९८२ मध्ये तेथेच फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. तेथील बाजारवृत्तीचे दोषही उघड आहेत. तथापि भारतीय महोत्सवात पुढील निमंत्रणाची शक्यताच क्षीण असते, हा फरक उरतो.

दुसरे आव्हान राजकीय दडपणाचे आहे. १९८० मध्ये 'घाशीराम कोतवाल'च्या युरोप दौऱ्याला महाराष्ट्रातूनच विरोध झाला होता. जानेवारी २०१३ मध्ये सीमेवरील तणावानंतर भारत रंग महोत्सवातून मंटोविषयीची दोन पाकिस्तानी नाटके वगळण्यात आली. त्यांपैकी 'अजोका'चे नाटक दिल्लीतीलच अक्षरा थिएटरमध्ये स्वतंत्रपणे झाले. हा प्रसंग बोलका आहे. औपचारिक संस्था जेथे मागे सरली, तेथे रंगकर्मींचे अनौपचारिक संबंध उपयोगी पडले. तिसरा आघात महासाथीचा. केरळ संगीत नाटक अकादमीचा त्रिशूर येथील आंतरराष्ट्रीय महोत्सव २००८ पासून चालत आला होता. २०२० नंतर तो पुन्हा भरला तो २०२३ मध्येच. खंडाच्या त्या काळात रंगमंचाच्या कामावर जगणाऱ्या तंत्रज्ञांना आधार देऊ शकेल अशी कायमस्वरूपी सामायिक यंत्रणा महोत्सवांच्या जाळ्यातून उभी राहिलेली नव्हती, हे तेव्हा स्पष्ट झाले.

६

पर्यायांचे नमुने देशातच आहेत. कोलकात्याच्या 'नांदीकार'ने १९८४ पासून भरविलेला राष्ट्रीय महोत्सव एका नाट्यसंस्थेने आपल्या समव्यावसायिकांसाठी केलेले आतिथ्य आहे. तेथे यजमान स्वतः रंगकर्मी असतो. कर्नाटकातील हेग्गोडू येथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी वाढविलेल्या 'नीनासम'चे उदाहरण याहून अधिक विचारप्रवर्तक आहे. तेथील संस्कृतिशिबिरात नाटक पाहणे, वाचणे आणि त्यावर बोलणे यांची फारकत केली जात नाही. १९८५ मध्ये सुरू झालेली 'तिरुगाट' ही फिरती नाटकमंडळी अनुवादित नाटकेही कर्नाटकभर नेते. १९५६ मध्ये दिल्लीत जे एकत्र कल्पिले गेले होते, ते एका खेड्यात टिकून राहिले.

मराठीपुरते बोलायचे तर येथील रंगकर्मींची घडण महोत्सवापेक्षा स्पर्धेत अधिक झाली. १९५४ पासूनची राज्य नाट्यस्पर्धा आणि १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक यांनी कित्येक नट-दिग्दर्शक दिले, हे ऋण मोठे आहे. परंतु स्पर्धेत शेजारचा संघ प्रतिस्पर्धी असतो आणि नाते जडते ते परीक्षकाशी. महाराष्ट्राबाहेरील रंगकर्मींशी समपातळीवर बोलण्याची सवय या रचनेतून लागत नाही. मराठी नाटक इतर भाषांत गेले ते मुख्यतः अनुवादकांच्या पायांनी, स्पर्धांच्या नव्हे.

७

या विवेचनावरून असे म्हणता येते की, महोत्सवाचे यश त्यात झालेल्या प्रयोगांच्या संख्येवरून मोजणे अपुरे आहे. महोत्सव संपल्यावर नाटकाला दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या गावात कोणते आयुष्य लाभले, ही त्याची खरी कसोटी होय. नाटके निम्मी करून पथकांचा मुक्काम दुप्पट करणे, निमंत्रित नाटकाच्या संहितेचा अनुवाद आधी सिद्ध करणे आणि अनुवादकालाही दिग्दर्शकाबरोबर निमंत्रण देणे, या गोष्टी खर्चाच्या दृष्टीने अशक्य कोटीतील नाहीत. त्यांसाठी प्राधान्यक्रम मात्र बदलावा लागेल. तो बदलला नाही, तर महोत्सव वाढत जातील आणि भारतीय भाषांतील नाटके एकमेकांना पाहतील, पण ऐकणार नाहीत.